पेलाभर क्रीम

अक्काच्या राज्यात लोण्याला प्रवेश नव्हता. घर खरं तर तिच्या धाकट्या भावाचं, पण तीन वर्षांपूर्वी ती तिथे राहायला आली आणि घर कुणाचं हा प्रश्न आपोआप निकालात निघाला. लोणी, चीज, साय, अंड्यातला पिवळा भाग, तळलेलं काहीही उंबऱ्याच्या आत येत नसे. शेजारणीने एकदा हौसेने केक करून आणला, तर अक्काने तो दारातच हातात घेतला, चहूबाजूंनी पाहिला, "रंग छान आलाय" म्हणाली आणि ताटलीसकट परत केला. शेजारीण महिनाभर बोलली नाही. अक्काला त्याचं काही वाटलं नाही. बोलणाऱ्या शेजारणीपेक्षा न बोलणारी बरी, असं तिचं मत होतं.

तिने उभं आयुष्य मुलींच्या एका वसतिगृहाचं स्वयंपाकघर चालवलं होतं. तिच्या हातचं पातळ सूप दोन पिढ्यांनी घट्ट समजून मिटक्या मारत खाल्लं, आणि त्यामागची मेख तिने कुणाला कळू दिली नाही. नवरा लवकर गेला, मूलबाळ झालं नाही. आपलं म्हणावं असं माणूस एकच उरलं होतं, हा भाऊ.

भावाने पन्नाशी ओलांडली होती, तरी नाव अजून गुंड्याच. जन्मला तेव्हा गोल गरगरीत होता म्हणून हे नाव पडलं आणि डेअरीतल्या लोकांपर्यंत पोचलं. डेअरीत तो येणाऱ्या दुधाची तपासणी करायचा. फॅट मोजायला यंत्र होतंच, पण यंत्राच्या आधी तो चमचाभर दूध जिभेवर घ्यायचा आणि आकडा सांगायचा. यंत्र बहुतेक वेळा त्याच्याशी सहमत व्हायचं. दुधात पाणी घालणारे त्याला टरकून असत.

अशा माणसाच्या नशिबी दुखणं कोणतं यावं? आपण खातो त्यातला स्निग्ध भाग सरळ रक्तात जात नाही. आतड्याभोवती बारीक नळ्यांचं एक निराळं जाळं असतं, त्यातून तो पांढरा रस होऊन वर जातो आणि मग रक्ताला मिळतो. गुंड्याच्या या नळ्या फुगून कुठेतरी गळत होत्या. अंगाला लागायचं ते सत्त्व परत आतड्यात सांडून वाया जात होतं. पाय सुजून खांबासारखे व्हायचे, पोटात पाणी साठायचं, आणि बाकीचा माणूस वाळत चालला होता. जन्मभर दुधातली चोरी पकडणाऱ्याच्या पोटातच दूध सांडत होतं!

स्निग्ध खाल्लंच नाही तर नळ्यांवर ताण कमी पडतो, गळती कमी होते. म्हणून ही बंदी. गुंड्याने ती एकदाच मोडली होती, डेअरीतल्या मित्राच्या निरोप समारंभात. क्रीमच्या केकचे दोन मोठे तुकडे. त्यानंतर तो रुग्णालयात होता आणि अक्का त्याच्या उशाशी खुर्चीत. त्याचं पोट नगाऱ्यासारखं तट्ट फुगलेलं आणि ओठ पांढरे पडलेले तिने पाहिले होते. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. अक्काने तर ताकाचं भांडंच मोडीत काढलं.

तरी या वर्षी पथ्य पुरेना. गुंड्याला डेअरीत उभं राहवत नव्हतं. सर्जनने त्याला तपासलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "गळती एकाच जागी असेल, तर तेवढं आतडं काढून टोकं जोडून देतो. तुम्ही चारचौघांसारखं खाल, जगाल. पण सगळीकडेच असेल, तर मी सुरी उचलणार नाही. आणि मग पुढचं मला फार बरं दिसत नाही. आधी मला त्या नळ्यांचा नकाशा हवा."

नकाशा काढायचा होता चुंबकाच्या यंत्रात, म्हणजे एमआरआयमध्ये. त्या विभागाच्या डॉक्टरबाईंचा आदल्या दिवशी अक्काला फोन आला. सूचना सरळ होती. सकाळी घरून निघताना पेलाभर घट्ट क्रीम द्यायचं, बाकी काही नाही.

"क्रीम?" अक्काने विचारलं.

"हो, क्रीम. चांगलं घट्ट. पेलाभर," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि त्यांना कुणीतरी हाक मारली म्हणून फोन ठेवला.

अक्का बराच वेळ फोनकडे बघत राहिली. तीन वर्षं ज्यांनी 'थेंबही नको' म्हणून कानीकपाळी ओरडून सांगितलं, तेच आता पेला भरून द्या म्हणतात! या बाईंनी गुंड्याचे कागद पाहिले तरी असतील का? आवाजावरून तर काल-परवा शिकून आलेल्या वाटतात. दोन तुकड्यांनी ती दशा झाली, मग पेल्याने काय होईल? आणि यंत्र काय, पोटाचं चित्र काढणार ते काढणारच. यंत्राला थोडंच कळतं याने काय खाल्लंय?

तिने क्रीमचा डबा आणला होता. तो फोडलाच नाही. सकाळी गुंड्या आंघोळीला गेल्यावर शेजारणीच्या दाराशी नेऊन ठेवला, म्हणजे जुना केकही फिटला. मग साय काढलेल्या दुधात तिने कॉर्नफ्लॉर शिजवला, किंचित साखर घातली, गाळलं, घोटलं, गार केलं. वसतिगृहातली सगळी पुण्याई तिने त्या पेल्यात ओतली. चमच्यावरून ते असं ओघळत होतं की खुद्द गाईने फसावं.

गुंड्याने पेला तोंडाला लावला. पहिल्या घोटाला जरा थांबला. अक्काकडे पाहिलं. मग उरलेलं एका दमात संपवलं आणि पेला विसळून पालथा घातला.

"झालं?" अक्का म्हणाली.

"झालं," तो म्हणाला.

रुग्णालयाच्या तळमजल्यावर तो विभाग होता. तंत्रज्ञ पोरगी हसतमुख होती. तिने गुंड्याला झगा दिला आणि अंगावरचं धातूचं सगळं काढायला सांगितलं. घड्याळ, पट्टा, किल्ल्या अक्काच्या ओटीत आल्या. जाड काचेपलीकडे पांढऱ्या यंत्राच्या पोकळीत गुंड्या सरकत गेला आणि त्याचे सुजलेले तळवे तेवढे बाहेर राहिले. मग यंत्र ठोकायला लागलं. कुणीतरी पत्र्याचं छप्पर बसवतंय असा आवाज. मधून मधून पोरगी माईकवर सांगायची, "श्वास घ्या. सोडा. आता थांबा." प्रत्येक 'थांबा'ला अक्काही श्वास धरायची. शेवटी तिलाच गरगरायला लागलं.

डॉक्टरबाई तिला वाटल्या होत्या तेवढ्या कोवळ्या निघाल्या नाहीत. केस पिकायला लागलेले, चष्मा दोरीने गळ्यात. त्यांनी दोघांना पडद्यासमोर बसवलं.

"या चित्रात जे जे साठलेलं पाणी, ते पांढरं दिसतं," त्या म्हणाल्या. "हा पाठीचा कणा, त्यातलं पाणी बघा. ही पित्ताची पिशवी. हे मूत्राशय. सगळं कसं स्वच्छ दिसतंय. आणि ही आतडी. यांच्या मागे मला झाडाच्या फांद्यांसारख्या पांढऱ्या रेघा दिसायला हव्या होत्या." त्यांनी चित्र पुढे नेलं, मागे आणलं. आतड्यामागे नुसता करडा अंधार होता. "नाहीयेत. क्रीम घेतलं होतं ना सकाळी?"

अक्का ओटीतल्या किल्ल्या चाचपायला लागली.

"अक्काने दिलं ते सगळं प्यालो," गुंड्या म्हणाला. तो जमिनीकडे बघत होता.

"मग कठीण आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ओढ्याला पाणी असलं, तर बांध कुठे फुटलाय ते दिसतं. कोरड्या ओढ्यात काय शोधणार? एकच अशी जागा सापडली नाही, असं मला सर्जनना लिहावं लागेल. वाईट वाटतं, पण नाही ते आहे म्हणून कसं लिहू?" त्या उठल्या आणि शेजारच्या खोलीत गेल्या.

दोघं बाहेर बाकावर येऊन बसले. गुंड्या झग्यातच होता. त्याचे पाय इतके ताणले होते की कातडी चकाकत होती. समोरच्या भिंतीवर स्वच्छतेची सूचना लावलेली होती, ती अक्काने वाचली, पुन्हा वाचली, आणि तिला एक अक्षर कळलं नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं झालं होतं. आतून टाइप करण्याचा आवाज येत होता, आणि प्रत्येक टकटकीबरोबर तिला वाटत होतं की गुंड्याच्या जगण्यावर कुणीतरी खिळे ठोकतंय, आणि हातोडा आपणच आणून दिलाय. एवढी भीती तिला नवरा गेला तेव्हाही वाटली नव्हती. तेव्हा निदान तिने स्वतः काही केलेलं नव्हतं.

ती उठली. दार ठोठावायचं भानही राहिलं नाही. तिने ते ढकललंच.

"थांबा डॉक्टर. लिहू नका."

डॉक्टरबाईंनी चष्मा खाली केला.

"ते क्रीम नव्हतं," अक्का म्हणाली. "साय काढलेलं दूध होतं. कॉर्नफ्लॉर लावून घट्ट केलेलं. मी केलं. त्याला काही माहीत नाही."

डॉक्टरबाईंनी टाइप करणारे हात मागे घेतले. मग म्हणाल्या, "जमलं होतं?"

"काय?"

"क्रीमसारखं."

"हुबेहूब," अक्का म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. वसतिगृहाच्या शंभर मुलींना जरबेत ठेवणारी ती बाई परक्या खोलीत उभी राहून पदराने नाक पुसत होती. "तीन वर्षं त्याच्या ताटात थेंब पडू दिला नाही हो मी. आज माझ्याच हाताने पेला भरून द्यायचा? हात धजेना. मला वाटलं, यंत्राला काय कळतंय."

"बसा आधी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तीन वर्षं तुम्ही सांभाळलंत म्हणून तुमचे भाऊ आज स्वतःच्या पायांनी चालत आलेत. पण आज मला त्या नळ्या भरलेल्या हव्या आहेत. रिकाम्या नळ्या यंत्राला दिसत नाहीत. क्रीम का द्यायचं, हे मी काल फोनवर नीट सांगायला हवं होतं. घाईत होते, राहून गेलं."

"त्याला त्रास होईल?"

"होईल. खोटं कशाला सांगू? पोट बिघडेल, दोन दिवस पाय जास्त जड होतील. पण या वेळी आमच्या नजरेखाली असतील, इथेच ठेवून घेऊ." त्यांनी टाइप केलेलं पुसून टाकलं. "दुपारच्या शेवटच्या पेशंटनंतर यंत्र रिकामं आहे. आत्ता प्यायले तर तोवर नळ्या भरतील. पण या वेळी खरं क्रीम. आणि त्यांची तयारी हवी."

खाली कॅन्टीनमध्ये केकवर घालायला आणलेलं क्रीम होतं. न फोडलेला डबा मिळाला. तो आणि एक पेला घेऊन अक्का बाकावर येऊन बसली आणि तिने गुंड्याला सगळं सांगितलं. भर घालून नाही, काही वगळून नाही.

"माहीत होतं," गुंड्या म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"पहिल्याच घोटाला कळलं. अर्धा टक्कासुद्धा फॅट लागला नसता त्याला." तो किंचित हसला. "घोटलं छान होतंस, पण."

अक्का त्याच्याकडे बघतच राहिली. "आणि गप्प बसलास? मेल्या, आत त्या बाईंसमोर सुद्धा?"

गुंड्याने झग्याची नाडी बोटाभोवती गुंडाळली. "मला बरं वाटलं अक्का, खरं सांगतो. सगळीकडेच गळतंय असं निघालं तर? सर्जनने हात वर केले तर? त्यापेक्षा न कळलेलं बरं, असं वाटलं. तू चुकलीस, आणि मी तुझ्या चुकीमागे जाऊन लपलो. आताही," त्याने डब्याकडे पाहिलं, "आताही घरीच जावंसं वाटतंय. राहू दे ना हे. चाललंय तसं चालवू."

अक्काने डबा फोडला, पेल्यात क्रीम ओतलं. पेला काठोकाठ भरला, पण थेंब सांडला नाही. मग तिने बोटाचं टोक बुडवून जिभेला लावलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हे खरं आहे ना रे? बघ बरं तूच. मला मेलीला आता कळत नाही."

"तुला कळत नाही?" गुंड्या म्हणाला. "स्वयंपाकघरात जन्म गेला तुझा."

"तीन वर्षं चव नाही बघितली. विसरते जीभ."

गुंड्याच्या बोटावरची नाडी सुटली. "म्हणजे? तू पण खात नाहीस?"

"घरात नसतंच तर खाणार काय?"

"पण दर रविवारी मैत्रिणीकडे जातेस ती? मला वाटायचं, तिथे मस्त चापत असशील."

"चहा पिते तिथे. कोरा." अक्काने पदर नीट केला. तिच्या मनगटातली बांगडी, जी पूर्वी साबण लावल्याशिवाय निघत नसे, ती सरकत कोपराशी गेली आणि तिने ती सवयीने खाली ओढली. "तुझ्यासमोर बसून कोरडं गिळायचं आणि बाहेर जाऊन चांगलंचुंगलं खायचं? घशाखाली उतरलं असतं का मला? उगाच काहीतरी विचारतोस."

तिला यात काही विशेष सांगितलंय असं वाटलं नव्हतं. पण गुंड्या त्या बांगडीकडे बघत राहिला. तपासायला दूध पुढे आलं की तो असाच गप्प होत असे. मग त्याने तिच्या हातातून पेला घेतला, एक घोट जिभेवर फिरवला.

"खरं आहे," तो म्हणाला. "पस्तीस तरी लागेल." आणि पेला रिकामा केला.

दुपार सरता सरता यंत्र पुन्हा ठोकायला लागलं. या वेळी अक्काने श्वास धरला नाही. बाकावर बसून ती नुसती वाट बघत राहिली. जे व्हायचं ते होईल, असं म्हणायला सोपं असतं. तिने ते मनाशी म्हणून पाहिलं आणि काही उपयोग झाला नाही.

डॉक्टरबाईंनी बोलावलं तेव्हा गुंड्याचं पोट दुखायला लागलं होतं, तरी तो खुर्ची ओढून पडद्याच्या अगदी जवळ बसला. सकाळी जिथे करडा अंधार होता, तिथे आता झाड उगवलं होतं. आतड्याच्या वळणावळणातून पांढऱ्या बारीक रेघा निघत होत्या, एकमेकींना मिळत होत्या, जाड होत वर चालल्या होत्या. अक्काने आपल्या भावाला लंगोटात पाहिलं होतं, तापात पाहिलं होतं, पण हे त्याच्या आतलं काम, जे तो झोपला तरी चालू असतं, तिने कधी पाहिलं नव्हतं. तिला ते सुंदर वाटलं.

"या नीट आहेत," डॉक्टरबाई पेनाचं टोक रेघांवरून फिरवत म्हणाल्या. "या नीट. या पण." पेन थांबलं. एका वळणाशी रेघा फुगल्या होत्या, एकमेकींत घुसल्या होत्या, आणि त्यांच्यातून पांढरा धूसर डाग आतड्यात उतरला होता. त्यांनी पुढची चित्रं पाहिली, मागची पाहिली, घाई न करता पुन्हा सगळी पाहिली. "आणि हे इथे. वीतभर आतडं. बाकी कुठे नाही."

"एकच?" गुंड्याने विचारलं.

"एकच."

गुंड्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. अक्काने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि काढला नाही. मग म्हणाली, "डॉक्टर, सकाळी लिहीत होतात ते पुसलंत ना नक्की?"

"पुसलं हो," डॉक्टरबाई म्हणाल्या.

शस्त्रक्रिया झाली. वीतभर आतडं गेलं, टोकं जोडली गेली. पायांची सूज हळूहळू उतरली आणि गुंड्याला आपल्या घोट्यांची हाडं पुन्हा सापडली. ती तो येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत सुटला. पथ्य लगेच सोडायचं नव्हतं. सर्जनने बराच काळ थांबवून, पुन्हा तपासून, मग एके दिवशी सांगितलं: आता चमचाभर लोणी खाऊन बघा.

अक्का स्वतः दुकानात गेली आणि लोण्याची छोटी वडी घेऊन आली. टेबलावर ठेवली, पाव कापला, सुरी भावापुढे सरकवली आणि हाताची घडी घालून समोर बसली. काही झालंच तर फोन जवळ ठेवलेला होता.

गुंड्याने पावाच्या तुकड्यावर लोणी लावलं. कडेपर्यंत, सगळीकडे सारखं. मग तो तुकडा टेबलावरून पलीकडे, अक्कासमोर केला.

"अरे, तू खा आधी. तुझ्यासाठी आणलंय."

"तपासणी आहे," गुंड्या म्हणाला. "तोंड उघड. किती फॅट लागेल, सांग मला."

अक्काने घास घेतला. तिने तो लगेच गिळला नाही. डोळे मिटून तशीच बसून राहिली, आणि गुंड्या तिच्या तोंडाकडे बघत आकड्याची वाट पाहत होता. मग तिने डोळे उघडले, आकडा काही सांगितला नाही, आणि पावाचा दुसरा तुकडा त्याच्या सुरीपुढे धरला.